रांगेत उभं राहा म्हणे! कुठली रांग, दाखवा तरी

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने एक फॉरवर्ड टाकला. वर फेब्रुवारी २०२५ मध्ये अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानाचा फोटो, बेड्या घातलेले हात, खाली तिरंगे आणि लांबलचक मजकूर. एरवी असलं काही मी न वाचताच पुसून टाकते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन. "वन्सं, बघितलं का ते? लीगल आहे म्हणे सगळं. आमच्या पोराचं तसंच करायचं म्हणतायत हे."

पोरगा म्हणजे माझा पुतण्या. आयटीआयचा वेल्डर, चार वर्षं एमआयडीसीत काम करतोय, हात चांगला आहे. कोल्हापुरातल्या एका 'कन्सल्टंट'ने त्याला बावीस लाखांत अमेरिका सांगितली आहे. त्यासाठी विहिरीजवळचं पाऊण एकर तारण ठेवायचं घाटतंय. म्हणून हे लिहायला बसले.

फॉरवर्डमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. अमेरिकेने हाकललेले लोक आळशी आणि लबाड होते, त्यांना रांगेत उभं राहायला नको होतं. पासपोर्ट काढा, फॉर्म भरा, नंबर येतोच. सत्तरच्या दशकात आपले डॉक्टर-इंजिनियर असेच सरळ मार्गाने गेले. बेकायदा म्हणजे भिंतीवरून उड्या मारणारे, आणि त्यात मराठी माणूस नसतो. तिथे हे लोक फुकट खातात. आणि एवढं सगळं प्रवचन झाल्यावर शेवटी, दहावी पास चालेल, इंग्रजीची अट नाही, व्हिजिटर व्हिसावर जायचं, तिथे कंपनी वर्क परमिट करून देते, १००% लीगल. खाली मोबाइल नंबर.

कायद्याचं कीर्तन आणि शेवटी नंबर! दादाला हे दिसलं नाही, की दिसूनही खटकलं नाही, कोण जाणे.

"रांगेत उभे राहा, नंबर येतोच"

मी अमेरिकेत बारा वर्षं काढली आणि २०२३ मध्ये परत आले. रांग काय असते हे मला कुणी शिकवू नये. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' नावाचा तक्ता काढतं. फुकट आहे, कुणालाही बघता येतो. कुठल्या प्रकारच्या ग्रीन कार्डासाठी (म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्यासाठी) कुठल्या तारखेपर्यंतचे अर्ज हातात घेतले आहेत, ते त्यात देशवार असतं. तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांच्या घरी हा तक्ता दिवाळीच्या पंचांगासारखा बघितला जातो. "पीडी सरकली का?" हा प्रश्न मी कपडे वाळत घालताना, पॉटलकला, एकदा तर बारशात ऐकला आहे. पीडी म्हणजे प्रायॉरिटी डेट, तुमचा रांगेतला नंबर.

आमची पीडी फेब्रुवारी २०१५ ची. सप्टेंबर २०२२ च्या बुलेटिनमध्ये आमच्या प्रकाराची तारीख १ डिसेंबर २०१४ वर आली होती. अडीच महिने उरले होते. नवऱ्याने पेढ्यांची चौकशीसुद्धा केली. ऑक्टोबरचं बुलेटिन आलं आणि तारीख गेली मागे, १ एप्रिल २०१२ वर. डिसेंबरमध्ये आणखी मागे, ऑक्टोबर २०११ वर. रांग मागे चालते हे मी पहिल्यांदा पाहिलं असं नाही, पण त्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरात फोन हातात धरून किती वेळ नुसते उभे होतो. तेव्हाच परतायचं ठरलं.

आणि आमच्याकडे निदान नंबर तरी होता! डिग्री होती, अर्ज करणारी कंपनी होती. तरी ही गत, कारण कायदा सांगतो की नोकरीची ग्रीन कार्डं साऱ्या जगाला मिळून वर्षाला साधारण १,४०,०००, आणि कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांच्या वर नाही. मग तो देश भारत असो की आइसलँड. त्यात बायका-पोरंही मोजली जातात.

आता माझ्या पुतण्याला या रांगेत उभं करून दाखवा. तिकडे नवरा-बायको, आईबाप, भाऊबहीण नागरिक असेल तर घरच्यांची रांग. भावंडांच्या रांगेत भारतीयांसाठी २०२५ मध्ये २००६ चे अर्ज हाताळणं चालू होतं. म्हणजे एकोणीस वर्षं थांबायचं, असं दादा म्हणाला. नाही. ज्यांनी २००६ मध्ये अर्ज केला त्यांना एकोणीस लागली. आज अर्ज करणाऱ्याच्या पुढे त्यानंतरची सगळी गर्दी उभी आहे. पोराला तिकडे सख्खं कुणी नाहीच, त्यामुळे हा हिशेब त्याला लागूही होत नाही. आत्या चालत नाही, आणि आत्या तर परतही आली.

एच-१बी, म्हणजे शिकलेल्यांचा नोकरीचा व्हिसा? त्याला साधारणपणे डिग्री लागते, वर लॉटरी. सप्टेंबर २०२५ मध्ये तर बाहेरून नव्याने माणूस आणायला कंपनीवर एक लाख डॉलरची फी आणखी लावली. वेल्डरसाठी कोण भरणार? ग्रीन कार्डाची जी जगप्रसिद्ध लॉटरी आहे, वर्षाला ५५,००० पर्यंतची, तिच्यात भारताचं नाव नसतं, कारण आपले आधीच भरपूर लोक तिथे जातात. "अमेरिकन लॉटरी लागली" असा ईमेल आला तर तो काय आहे हे यावरून ओळखा.

म्हणजे ज्या पोराला तुम्ही रांगेत उभं राहा म्हणताय, त्याच्यासाठी रांग जवळपास नाहीच. ग्रीन कार्ड म्हणजे लायब्ररीचं कार्ड आहे, पैसे भरले आणि मिळालं, असा काहीतरी समज दिसतो.

"दहावी पास, व्हिजिटरवर जा, कंपनी परमिट करते"

यासाठीच बसले आहे. बाकीचं लोकांचं अज्ञान म्हणून सोडून दिलं असतं.

आधी यातलं अर्धं खरं सांगते, नाइलाजाने. कमी शिकलेल्या कामगारांसाठी ग्रीन कार्डाचा एक प्रकार खरोखर आहे, 'अदर वर्कर्स' म्हणतात त्याला. दोन वर्षांपेक्षा कमी प्रशिक्षण लागणारी, पण कायमची नोकरी. एजंट लोक हाच धागा पकडून गोधडी शिवतात. पण त्याला कायद्याने सगळ्या जगाला मिळून १०,००० च्या वर जागा नाहीत. भारतीयांची तारीख २०२५ भर २०१२-१३ मध्येच घुटमळत होती. आमचा पोरगा कुशल कामगार म्हणून बसला तरी तारीख तीच. आधी कंपनीला तिथल्या कामगार खात्याकडून दाखला घ्यावा लागतो की या कामाला स्थानिक माणूस मिळत नाही. आणि दादा, हे नीट वाच: त्या दाखल्याचा खर्च कंपनीनेच करायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही, असा अमेरिकेचा नियम आहे. त्या कामाचे म्हणून तुझ्याकडे पैसे मागणारा तिथल्या नियमानेच चूक आहे. बावीस लाख कसले?

आता व्हिजिटर. व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्मवर जायचं कारण लिहून द्यावं लागतं, खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला तोंडाने सांगावं लागतं. पोरगा काय सांगणार? "नायगारा बघायला जातोय." ते खोटं आहे हे सापडलं की खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसतो, आणि तो जन्मभराचा. पुढे एखादी कंपनी खरोखर बोलवायला तयार झाली तरी हा शिक्का आडवा येतो. समजा नाही सापडलं. विमानतळावर साधारण सहा महिन्यांची मुदत मिळते, काम करायची परवानगी शून्य. पहिल्या दिवशी वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर चढवला की व्हिसाची अट मोडली. मुदत संपून १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं परत येता येत नाही, वर्ष उलटून गेलं असेल तर दहा वर्षं. हा १९९६ चा कायदा आहे, ट्रम्प यांनी काल आणलेला नाही.

यातली मेख अशी की ही बंदी देशाबाहेर पाऊल टाकल्यावर लागते. त्यामुळे माणूस बाहेर पडतच नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनला आम्ही ज्या दुकानातून किराणा घ्यायचो, तिथे मेहसाण्याकडचा एक जण होता, चाळिशीचा. विमानाने, व्हिसा घेऊन आलेला. कुठली भिंत, कुठलं जंगल! एका शनिवारी मी कोथिंबीर विचारायला मागे गेले, तर तो आट्याच्या पोत्यांवर फोन टेकवून उभा होता. स्क्रीनवर चिता. वडील गेले होते. गुरुजी काय सांगतात ते ऐकून हा इथे हात जोडत होता, अंगावर दुकानाचा हिरवा एप्रन. मला बघून म्हणाला, "बेन, दो मिनट." बारा वर्षांत त्याने आईला पाहिलं नव्हतं आणि वडिलांना आता पाहणार नव्हता. मी कोथिंबीर न घेताच आले.

हे '१००% लीगल'.

"बेकायदा म्हणजे भिंत ओलांडणारे"

व्हिसा घेऊन विमानाने आलेला वर आलाच. तरी भिंतीकडून जाणारे आहेत हे कोण नाकारतंय? ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२३ या एका वर्षात अमेरिकेच्या सीमांवर भारतीय पकडले गेल्याच्या ९६,९१७ नोंदी आहेत, आणि त्यांत कॅनडाकडून शिरणारेही हजारोंनी होते. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातेतल्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब, दोन लेकरांसह, कॅनडाच्या मॅनिटोबात सीमेपासून काही मीटरवर बर्फात गोठून मेलं. ते आळशी होते असं लिहिणाऱ्याने एकदा उणे पस्तीसचा वारा तोंडावर घ्यावा. त्यांना तिथे सोडणाऱ्या टोळीतल्या दोघांना पुढे अमेरिकेत शिक्षा झाली. गावाकडे पैसे मोजून घेणाऱ्यांचं काय, ते विचारू नका.

"त्यात मराठी माणूस नसतो"

५ फेब्रुवारी २०२५ च्या त्याच विमानात, ज्याचा फोटो लावलाय, १०४ जण होते. हरियाणाचे ३३, गुजरातचे ३३, पंजाबचे ३० आणि महाराष्ट्राचे ३. कमी आहेत, मान्य. पण आपलं नसणं ही काही आपली पुण्याई नव्हे, एजंटांचं जाळं अजून आपल्याकडे तेवढं पसरलं नाही इतकंच. आता कोल्हापुरात दुकान थाटलंच आहे.

"सत्तरच्या दशकात आपले लोक सरळ मार्गाने गेले"

गेले ना. तेव्हा मार्ग सरळ होता म्हणून गेले. त्याआधी १९१७ च्या कायद्याने आपल्याला दारच बंद होतं. १९४६ मध्ये मोठ्या मनाने वर्षाला शंभर भारतीयांना मुभा मिळाली. शंभर! १९६५ चा कायदा आला तेव्हा डॉक्टर-इंजिनियर हवे होते आणि आपल्याकडून रांगेत फारसं कुणी नव्हतं, म्हणून कित्येक जण ग्रीन कार्ड हातात घेऊनच विमानातून उतरले. आमच्या मंडळातले एक काका हे अभिमानाने सांगायचे आणि पुढे म्हणायचे, "तुम्ही आजकालची मुलं कागदपत्रांत कमी पडता." काका, तुम्ही आज अर्ज केला असता तर नातवाच्या लग्नालाही पीडी करंट झाली नसती, म्हणजे नंबर लागला नसता.

एक कबुली देते. रांगेत असताना मलाही सीमा ओलांडून येणाऱ्यांचा राग यायचा. आम्ही सगळे कर भरून, प्रत्येक कागद जपून, आईच्या आजारपणात व्हिसा स्टॅम्पिंगच्या, म्हणजे परत यायला नवा शिक्का मिळेल की नाही या धास्तीने तिकीट दोनदा रद्द करून बसलोय, आणि हे शिरतात कसे? तो राग खोटा नव्हता. पण तो तारखा मागे नेणाऱ्या कायद्यावर काढायला हवा होता आणि मी तो काढत होते भांडी घासणाऱ्या पोरांवर.

"फुकट खातात"

रेशनची कुपनं, नेहमीची सरकारी आरोग्य योजना यांतलं तिथल्या केंद्र सरकारचं जवळजवळ काही बेकायदा राहणाऱ्यांना मिळत नाही. मुलांची शाळा आणि जीवावर बेतल्यावर दवाखाना मिळतो, तेवढं खरं. पगारातून पेन्शनचे पैसे मात्र अनेकांचे कापले जातात, जी पेन्शन त्यांना कधी मिळायची नाही. पुढे.

काल संध्याकाळी पुतण्याने त्या कन्सल्टंटला फोन लावला, स्पीकरवर. मी लिहून दिलेले दोनच प्रश्न विचारायचे होते. कंपनीचं नाव काय, आणि कामगार खात्याच्या दाखल्याचा नंबर काय? पलीकडून उत्तर आलं, "भावा, ते तिकडं गेल्यावर कळतं. तू आधी बॅलन्स भर."

बॅलन्स म्हटल्यावर मी दादाकडे बघितलं. दादा वहिनीकडे. वहिनीने कपाटातून पावती काढली. एक लाख वीस हजार, 'कन्सल्टन्सी चार्जेस, नॉन-रिफंडेबल', शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही, तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. दादाने तो फॉरवर्ड त्यानंतर टाकला होता.

सोमवारी आम्ही दोघं ती पावती घेऊन पोलीस स्टेशनला जातोय. पुतण्या म्हणाला, तोही येणार आहे.