"मारू दे तिला!"

आमच्या वेळी डिफेन्सचं निम्मं शास्त्र या तीन शब्दांत मावायचं. नागपूरचं बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट, सकाळचे साडेपाच, आणि साइडलाइनवरून सर ओरडतायत, "मारू दे तिला, मारू दे! तू आत ये!" समोरची बाहेरून मारतेय ना, मारू दे. तिचा पडत नाही. आपण रिंगखाली गर्दी करायची, रिबाउंड, म्हणजे चुकून परतलेला बॉल, घ्यायचा आणि पळायचं.

बहुतेक वेळा हे बरोबर ठरायचं. एकदा नाही ठरलं. आंतरविद्यापीठ स्पर्धेत एका चष्मेवाल्या, काडीसारख्या मुलीला मी आज्ञेप्रमाणे सोडून दिलं आणि तिने एका हाफात चार थ्री, म्हणजे लाइनबाहेरून तीन गुणांचे शॉट, घातले. टाइमआउटला सरांनी विचारलं, "तिला सोडलं कोणी?" तुम्हीच, सर. तेव्हा बोलायची छाती नव्हती, म्हणून आज लिहिते.

गेली अकरा वर्षं मी अमेरिकेतल्या आयोवात राहते. त्यातली चार कॅटलिन क्लार्कची, म्हणजे आयोवा विद्यापीठाच्या संघातल्या थ्री मारणाऱ्या स्टारची. बाहेरच्यांना सांगून पटणार नाही, पण इथे मक्याच्या शेतांइतकीच ती सगळीकडे होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोवाच्या मुलींचा एक साधा सराव सामना किनिक स्टेडियमवर, म्हणजे चक्क अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर ठेवला, तर ५५,६४६ लोक आले. अशा गावात राहून मी जे लिहिणार आहे ते इंग्रजीत लिहिलं तर शेजारचे लोक हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ काढायला मदत करणार नाहीत. म्हणून मराठीत.

माझं म्हणणं एवढंच: थ्रीचा डिफेन्स म्हणजे शॉट चुकवणं नव्हे. बॉल शूटरच्या हातातून सुटला की तुमचं काम संपलेलं असतं. तुमच्या हातात असतं ते त्याच्या आधीचं, कोण मारणार, कुठून मारणार आणि मारायला तिला वेळ किती मिळणार. सामना संपल्यावर "आज आम्ही त्यांना २० टक्क्यांवर रोखलं" असं सांगणाऱ्या कोचवर माझा विश्वास नाही. रोखलं म्हणजे काय केलंत? शॉट घेऊ दिले नाहीत, की मोकळे दिले आणि ते पडले नाहीत? दुसरं असेल तर नारळ फोडा, पण डिफेन्सचं नाव घेऊ नका.

हे काही माझं एकटीचं वेड नाही. कॉलेज बास्केटबॉलचे आकडे मांडणारा केन पॉमरॉय पुरुषांच्या खेळाबद्दल बरीच वर्षं हेच सांगत आला आहे. समोरचा संघ थ्री किती मारतो यावर डिफेन्सचा ताबा असतो, त्यातले किती टक्के पडतात यावर फारच कमी. मुलींच्या खेळात हे वेगळं असायला मला काही कारण दिसत नाही.

उदाहरण द्यायचं तर मुलींच्या कॉलेज स्पर्धेची २०२३ ची फायनल. आयोवा विरुद्ध एलएसयू (लुइझियाना स्टेट). एलएसयूचं बळ आतलं, एंजल रीस रिंगखाली, रिबाउंडवर तुटून पडणारी. आयोवाने साहजिकच आत गर्दी केली. आणि बाकावरून उठून आली जॅस्मिन कार्सन. पहिल्या हाफात तिने पाच थ्री मारले, पाचही पडले. २१ गुण. शेवटचा तर हाफचा बझर वाजताना, बोर्डाला लागून! आमच्या घरात त्या क्षणी जो आवाज निघाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. हाफला ५९-४२ आणि शेवटी १०२-८५. पूर्ण सामन्यात एलएसयूने थ्री मारले फक्त १७, त्यातले ११ पडले. आयोवाने मारले ३०, पडले १४.

आता सांगा, डिफेन्स कोणाचा चांगला? माझ्याच कसोटीने मोजलं तर आयोवाचा. त्यांनी फक्त १७ मारू दिले, समोरच्यांनी ३०. आणि आयोवा १७ गुणांनी हरली. हे उदाहरण माझ्याच विरुद्ध जातं हे मला दिसतंय, तरी मुद्दाम देते. कारण एका सामन्यात नशीब तुमचं सगळं गणित उधळू शकतं, आणि दुसऱ्या दिवशी लोक त्यालाच "एलएसयूच्या कोचची चाल" म्हणतात. बोर्डाला लागून बझरवर पडलेला शॉट ही कुणाची चाल असते?

आयोवाची खरी चूक माझ्या मते वेगळी होती. पहिले दोन पडल्यावर कार्सन ही "मारू दे" यादीतली राहिलेली नाही, हे त्यांनी फार उशिरा ओळखलं. यादी सामन्याआधी करायची असते हे खरं, पण ती दगडावर कोरायची नसते. माझी चष्मेवाली तीच.

आता त्याच्या दोन दिवस आधीचा सामना, कारण या सगळ्या विषयाचं मूळ तिथे आहे. सेमीफायनल, आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलायना. साउथ कॅरोलायना तोपर्यंत सलग ४२ सामने जिंकून आलेली. त्यांच्याकडे अलीया बॉस्टन आणि उंचच उंच मुलींची फौज. एकास एक खेळून आयोवाचा निभाव लागणं अशक्य. मग आयोवाच्या तेव्हाच्या कोच लिसा ब्लूडर यांनी काय केलं? शुद्ध नागपुरी डिफेन्स. सगळ्या आत. बाहेर कोणी उभी असेल तर असू दे. त्यातच साउथ कॅरोलायनाची रेव्हन जॉन्सन थ्री लाइनपाशी बॉल घेऊन उभी, आणि तिच्यावर असायला हवी ती क्लार्क पार मागे, रिंगसमोरच्या लेनजवळ. क्लार्कने हात झटकला. माशी हाकलावी तसा. म्हणजे इंग्रजीत न बोलता तिने आमच्या सरांचं वाक्य म्हटलं. मारू दे तिला.

साउथ कॅरोलायनाचे त्या रात्री २० पैकी ४ थ्री पडले. बॉस्टनला ८ गुण मिळाले. आयोवा ७७-७३ ने जिंकली. क्लार्कचे ४१.

तो हात झटकल्याचा तुकडा मग जगभर फिरला. पुढच्या मोसमाला जॉन्सनने सरळ सूडाची मोहीम असं नाव दिलं. मला क्लार्कच्या हातवाऱ्याचा राग नाही आला, खरं सांगायचं तर. डिफेन्स म्हणून तो निर्णय पूर्ण शहाणपणाचा होता. उद्धटपणा म्हणाल तर तो होताच. पण मुलांनी हेच केलं की "काय जिगर आहे" आणि मुलीने केलं की "संस्कार नाहीत", हा हिशेब मी माझ्या खेळण्याच्या दिवसांपासून बघत आलेय.

वर्षभराने, ७ एप्रिल २०२४, हेच दोन संघ फायनलला. रविवारची दुपार. पाडवा दोन दिवसांवर होता, आणि मंडळाच्या कार्यक्रमाला मी "बरं नाही" असं सांगितलं होतं. (मंडळातले जे वाचतायत त्यांची माफी. श्रीखंड छान झालं होतं असं ऐकलं.) पहिल्या क्वार्टरमध्ये क्लार्कने १८ गुण केले. मी सोफ्यावर उभी. आणि मग रेव्हन जॉन्सन तिच्या अंगाला चिकटली.

ते बघायला हवं होतं. लाइन आहे २२ फूट पावणेदोन इंचांवर, म्हणजे ६.७५ मीटर, आंतरराष्ट्रीय लाइनइतकीच. २०२१ पर्यंत मुलींसाठी ती २० फूट ९ इंचांवर होती. लाइन मागे नेली की डिफेन्सला मोकळा श्वास मिळेल असं वाटणाऱ्यांना क्लार्कने गप्प केलं, कारण ती लाइनवरून मारतच नव्हती. मधल्या लोगोपासून दोन पावलं पुढे आली की मारायची. मग तिला धरायचं कुठे? लाइनवर उभं राहिलात तर उशीर झाला. तीस फुटांवर जाऊन धरलंत तर मागे चौघींसाठी अंगण मोकळं, आणि पास देण्यात तिचा हात कोणी धरत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. जॉन्सनने तिला हाफ लाइनपासूनच धरलं. बॉल हातात नसतानाही तोंडासमोर. स्क्रीन, म्हणजे वाट अडवून उभी राहिलेली समोरची मुलगी, आली की खांदा घालून वरून निघायची, खालून कधीच नाही, कारण स्क्रीनच्या खालून जाणं म्हणजे शूटरला ताट वाढून देणं. पहिला हाफ संपता संपता तिने क्लार्कच्या हातातून बॉल काढून घेतला, एकटी पळाली आणि लेअप घातला. हाफला साउथ कॅरोलायना ४९-४६ ने पुढे.

क्लार्कचे शेवटी ३० गुण झाले. स्कोअरबोर्डावर बघितलं तर वाटेल, कसला डिफेन्स? पण १८ पहिल्या दहा मिनिटांत, १२ उरलेल्या तीस मिनिटांत. थ्री १३ पैकी ५. आणि जॉन्सनचे स्वतःचे गुण किती? ३. मला त्या फायनलमधला सगळ्यात आवडणारा आकडा तोच आहे. साउथ कॅरोलायना ८७-७५ ने जिंकली. अख्ख्या मोसमात ३८-०.

जॉन्सन हे करू शकली कारण साउथ कॅरोलायनाच्या कोच डॉन स्टेली यांच्याकडे बाक होता. त्यांच्या बाकावरच्या मुलींनी ३७ गुण केले, आयोवाच्या बाकाने शून्य. थ्रीचा डिफेन्स हा फुप्फुसांचा खेळ आहे. शूटरमागे पळायचं, स्क्रीन खायच्या, परत पळायचं. दमलेली मुलगी आधी काय सोडते, तर शेवटची दोन पावलं. आणि थ्री पडतो तो त्या दोन पावलांत.

दोन दिवस आधी सेमीफायनलला यूकॉनच्या (कनेक्टिकट विद्यापीठाच्या) नीका म्यूलनेही क्लार्कला असंच जखडलं होतं. पहिल्या हाफात फक्त ६ गुण, थ्री एकही नाही. पण पांघरूण आखूडच असतं. क्लार्कवर एवढं लक्ष गेलं की आत हॅना स्टूल्कीने २३ गुण घेतले आणि यूकॉन ७१-६९ ने हरली. त्या सामन्याच्या शेवटच्या स्क्रीनच्या फाउलवर मी काही बोलणार नाही, आमच्या घरात त्यावरून अजून दोन तट आहेत. एलएसयूने त्याच आठवड्यात क्लार्कवर हेली व्हॅन लिथला लावलं होतं, तिच्यापेक्षा चांगली बुटकी. क्लार्कने ९ थ्री घातले. एकामागून एक तिच्या डोक्यावरून. शेवटी व्हॅन लिथने नुसते खांदे उडवले. प्रयत्नात कसर नव्हती त्या पोरीची, पण जोडी लावणाऱ्याने विचार करायला हवा होता.

झोनबद्दल, म्हणजे खेळाडूऐवजी जागा राखण्याबद्दल, विचाराल तर मला तो थ्रीसमोर पटत नाही. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात लांब पास गेला की तुम्ही पाच जणी बॉलच्या मागे. चांगला झोन असतो, मान्य. मी अजून कॉलेजच्या पोरींचा फार पाहिला नाही.

लहान मुलींना शिकवणाऱ्यांना मात्र एक हात जोडून सांगणं आहे. "हात वर! उडी मार!" असं ओरडू नका. शूटरकडे झेपावलेली मुलगी दोनच गोष्टी करते. एक तर फसव्या शॉटला हवेत जाते आणि समोरची तिच्या बगलेतून निघून जाते. किंवा तिच्या पायांवर जाऊन पडते, मग तीन फ्री थ्रो, आणि कुणाचा तरी घोटा. पळत जा, शेवटची पावलं छोटी कर, हात उंच, पाय जमिनीवर. तिला एक ड्रिबल घ्यायला लावलीस की झालं. लाइनवरून हुसकलेली शूटर म्हणजे दोन गुणांची, तेही अवघड शॉटवर. हिशेब सोपा आहे, थ्रीचे ३३ टक्के म्हणजे दोनाच्या शॉटचे ५० टक्के. अवघडलेल्या लांब दोनावर पन्नास टक्के काढणाऱ्या मुली शोधून दाखवा.

माझी लेक तेरा वर्षांची आहे. गॅरेजवर रिंग लावलीये, तिथे संध्याकाळी आमचं एकास एक चालतं. परवा मी थ्रीच्या अंदाजाने गटाराच्या झाकणाजवळ उभी राहिले, तर बाईसाहेब चार हात मागे सरकल्या आणि हात झटकला. "मार, आई." मी मारला. बोर्डाला लागून आत.

"तुक्का," ती म्हणाली.

पुढच्या वेळी मी परत तिथेच उभी राहिले. ती एक पाऊलसुद्धा पुढे आली नाही.