‘कोळसा काँक्रीटएवढा मजबूत’ म्हणे!

परवा आत्याचा शाहूपुरीतून फोन. आतेभाऊ चंद्रपूरकडच्या भूमिगत खाणीत लागलाय, म्हणून ती रोज काळजीत. त्या दिवशी मात्र खूश. “अरे, कोळसा काँक्रीटएवढा घट्ट असतोय म्हणं, खाण पडतच न्हाई!” व्हॉट्सॲपवर आलेलं. वाचलं आणि डोकं फिरलं.

त्यात म्हटलंय, कोळशाचा नमुना 30 मेगापास्कल दाब सोसतो, एम-30 काँक्रीटइतका. बरं, हे काही कोळशांच्या बाबतीत खरं आहे. पण काँक्रीटचा चाचणीचा क्यूब (ठोकळा) 15 सेंमीचा, कोळशाचा बहुतेकदा अडीच सेंमीचा; तुकडा लहान, तशा भेगा कमी. शिवाय कापतानाच भेगांचे तुकडे भुगा होतात. मशिनखाली जातो तो उरलेला कणखर तुकडा. गुळाचा खडा दाताला फुटत नाही, रवा (गुळाची अख्खी ढेप) मात्र हातातून निसटला की दुभंगतो, तसंच. पिलर, म्हणजे खाणीचं छत तोलायला सोडलेला कोळशाचा खांब, हा रवा आहे, भेगांसकट.

पुढचा मुद्दा तर जीवघेणा: ‘मग पिलर निम्मे करा, अधिकारी उगाच कोळसा सोडतात.’ 1960 साली दक्षिण आफ्रिकेत कोलब्रूक खाणीचे पिलर कोसळून चारशेहून अधिक माणसं गाडली गेली. तिथं छताकडचा कोळसा काढून पिलरची उंची वाढवली होती. त्यानंतर सॅलामन आणि मुन्रो या संशोधकांनी पिलरचे टिकलेले 98 आणि पडलेले 27 प्रसंग ताडून 1967 साली सूत्र मांडलं: एक मीटर बाजूच्या कोळशाच्या घनाची ताकद 7.2 मेगापास्कल. कुठे 30, कुठे 7! त्याच सूत्रानं रुंदी निम्मी केली की ताकद सुमारे 27 टक्के घटते. उंची दुप्पट केली तर 37 टक्के. आणि पिलर दोन्ही बाजूंनी निम्मा केला की क्षेत्रफळ चौथाई, म्हणजे उरलेल्या दर चौरस मीटरवर भार चौपट. हे गणित मेसेजवाल्यानं केलंच नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंग ओतणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, टेस्ट बार (नमुन्याची कांडी) पास झाला म्हणून जाडजूड पार्टची हमी कोण देतो का?

‘हातोडी मारली की ताकद कळते’ हा मेसेजमधला दावाही अर्धवटच. हातोडीची उसळी बघून पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो, आतल्या भेगा नाहीत.

आत्याला म्हटलं, त्यालाच विचार, पिलर ठरलेल्या मापाचे आहेत का. तिनं लगेच फोन लावला. तिकडून उलटा प्रश्न आला, “तुला पिलर कुठनं कळले?”