मोर्चाने गर्भपाताचा हक्क वाचतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

गर्भपाताच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरलं पाहिजे, या लेखावर तुम्ही तीन हरकती घेतल्यात. पोलंडमध्ये लाखो लोक उतरूनही कायदा बदलला नाही. आपल्याकडे 1971 चा कायदा मोर्चाशिवायच आला. आणि बीडसारख्या जिल्ह्यात असा मोर्चा काढणं म्हणजे लेकी मारणाऱ्यांना बळ देणं. तिसरी हरकत सगळ्यांत गंभीर आहे, तिच्याकडे येतोच.

पोलंडचं अर्धंच सांगितलंत. 3 ऑक्टोबर 2016 ला तिथल्या बायका काळे कपडे घालून, कामं बंद ठेवून बाहेर पडल्या आणि तीन दिवसांत संसदेने संपूर्ण बंदीचं विधेयक 352 विरुद्ध 58 मतांनी फेटाळलं. 2020 चे मोर्चे त्याहून मोठे होते, पण या वेळी बंदी संसदेतून नाही, घटनात्मक न्यायाधिकरणातून आली होती. न्यायाधीशाला मतं मागायला दारोदार जायचं नसतं. निकाल राजपत्रात छापायला सरकारने तीन महिने लावले, पण 27 जानेवारी 2021 ला तो लागू झालाच. 2023 च्या निवडणुकीत त्या सरकारचं बहुमत गेलं. तरी जुलै 2024 मध्ये गर्भपाताला मदत करणाऱ्यावरचा गुन्हा रद्द करू पाहणारं विधेयक 215 विरुद्ध 218 असं पडलं. तेव्हा मोर्चा किती मोठा निघाला यापेक्षा तो कोणाच्या सहीसाठी निघाला, हे आधी बघावं लागतं. अर्जेंटिनात 2018 ला सिनेटने गर्भपाताला मुभा देणारं विधेयक 38 विरुद्ध 31 ने पाडलं. या हक्कासाठी हिरवे रुमाल बांधून लढणाऱ्या बायका घरी गेल्या नाहीत, मधे निवडणूक झाली आणि 30 डिसेंबर 2020 ला तेच सभागृह 38 विरुद्ध 29 ने हो म्हणालं. मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. विद्यापीठ नामांतराचा ठराव जुलै 1978 चा आणि नामविस्तार 14 जानेवारी 1994 चा.

1971 बद्दल तुमचं बरोबर आहे. 1964 ला शांतिलाल शाह समिती नेमली, 1966 ला तिचा अहवाल आला, त्यातून कायदा झाला. पण कोणी मागितलाच नव्हता, म्हणून तो बाईच्या हक्काचा न होता डॉक्टरच्या संरक्षणाचा झाला. गर्भपात आजही भारतीय न्याय संहितेच्या कलम 88 खाली गुन्हाच आहे; डॉक्टरने सद्हेतूने, कायद्याच्या चौकटीत केला तर सूट. 2021 च्या दुरुस्तीने काही गटांना 24 आठवड्यांपर्यंत मुभा दिली. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यात अविवाहित बायकाही धरल्या. हेही रस्त्यावरून आलेलं नाही, मान्य. पण दिल्लीत मिळालेलं तालुक्याच्या दवाखान्यात हातातून जातं, आणि ते कोर्ट येऊन बघत नाही.

आता बीड. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली. 2012 ला परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं, धाडी पडल्या. त्या पडायलाच हव्या होत्या. लिंगनिदान करणाऱ्याला दयामाया नको. पण धाकाने औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं, कारण प्रत्येक पाकिटाचा हिशेब विचारला जाऊ लागला. इथे गणित चुकतं. कायद्याने या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत देता येतात, आणि तोवर सोनोग्राफीत मुलगा-मुलगी दिसतच नाही. म्हणजे गोळ्या गायब केल्याने एकही लेक वाचत नाही. उलट सहाव्या आठवड्यात मोकळी होऊ शकणारी बाई चौदाव्या-सोळाव्यात ढकलली जाते.

ऊसतोडीची बाई घ्या. उचल घेतलेली, कोयता फडात. पाळी चुकली तर दवाखान्यात जायला एक खाडा, म्हणजे मुकादमाकडे कापणी. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत ती थांबते. गावी येते तेव्हा शेवटच्या पाळीपासून मोजलं तर बारा आठवडे उलटलेले. 25 केसेसचं प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर बारा आठवड्यांपर्यंतच करू शकतो, पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्या विभागात काम केलेला डॉक्टर लागतो. ग्रामीण रुग्णालय तिला अंबाजोगाईच्या किंवा संभाजीनगरच्या घाटी या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवतं. वर ‘नवऱ्याला घेऊन या’. कायद्यात सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, नमुना सी वर तिची सही किंवा अंगठा. नवऱ्याची सही कुठेच मागितलेली नाही. नवरा अजून फडात असेल तर आणखी दोन आठवडे जातात.

हे सगळं जिल्ह्यातल्या जिल्ह्यात सुटणारं आहे, आणि इथे मोर्चा चालतो, कारण सही करणारा माणूस समोरच्या इमारतीत बसलेला असतो. बहुतेक मोर्चे कुठे फसतात? ‘महिलांना न्याय द्या’ असं निवेदन निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांच्या हाती देतात, फोटो निघतो, आणि कागद ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन फायलीत पडतो. मागणी अशी हवी की केली की नाही, ते मोजता येईल.

त्यासाठी मोर्चाच्या दोन महिने आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला 30 दिवस. विचारायचं एवढंच: कोणत्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात प्रशिक्षित डॉक्टर आहे, गोळ्यांचा साठा किती, गेल्या वर्षी महिन्यानुसार किती गर्भपात नोंदले. फक्त आकडे मागा. नावं गोपनीय आहेत आणि ती फोडणं गुन्हा आहे. जिथे शून्य दिसेल त्या रुग्णालयाचं नाव निवेदनात घाला. सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही, त्यामुळे ‘परवानगी आली नाही’ हे कारण टिकत नाही. खासगी दवाखान्यांना मान्यता जिल्हास्तरीय समिती देते, तर तिची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा.

निवेदनाच्या तीन प्रती करा: जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी, अन्न व औषध प्रशासनाचे सहायक आयुक्त. तिघांचे आवक क्रमांक घेतल्याशिवाय शिष्टमंडळाने उठू नये. औषध प्रशासनाकडे मागणी एकच: चिठ्ठीवर, नोंद ठेवून गोळ्या विकणाऱ्या दुकानदाराला त्रास होणार नाही, असं लेखी परिपत्रक.

आणि तुमची भीती खोटी नाही, म्हणून पुढच्या बॅनरवर ‘लिंगनिदान बंद करा’ आणि ‘नऊ आठवड्यांच्या आत गोळ्या मिळाल्या पाहिजेत’ या दोन्ही ओळी शेजारी शेजारी हव्यात. एक गाळली तर दुसऱ्या दिवशी बातमी उलटी छापून येते.

तारीख दसऱ्याच्या आधीची धरा. एकदा ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की ज्यांच्यासाठी मोर्चा काढायचा त्या बायका जिल्ह्यात नसतात, आणि मार्चमध्ये केलेली मागणी त्यांच्या त्या हंगामाला उपयोगाची नसते.