जाड काँक्रीट टाकलं की यार्ड खचत नाही, हे चुकीचं आहे

एक मेसेज फिरतोय की कंटेनर यार्डखाली चिखलासारखी माती असली तरी चालतं, वर जाड स्लॅब टाका, विषय संपला. मीपण तो दोन ग्रुपवर पाठवला होता, म्हणून आता मीच सांगतो.

स्लॅब लोड पसरवतो, वजन कमी करत नाही. भरलेला ४० फुटी कंटेनर साधारण ३० टनांचा, पाच एकावर एक ठेवले की १५० टन, आणि ते टेकतं कुठे तर चार कोपऱ्यांवर, एकेक कोपरा जेमतेम १७८ बाय १६२ मिमी. त्यात पूर्ण यार्ड भरलं की दाब बराच खोल जातो, मऊ चिकणमातीतलं पाणी हळूहळू बाहेर निघतं नि जमीन वर्षानुवर्षं बसत राहते, स्लॅबसकट. कुठे जास्त कुठे कमी, मग तडे जाणारच!

म्हणून आधी खालची माती बघा. चिकणमाती खोलवर असेल तर व्हर्टिकल ड्रेन (पाणी लवकर निघावं म्हणून जमिनीत उभ्या घातलेल्या निचरा-पट्ट्या) घालून वर भराव ठेवतात, म्हणजे जमीन आधीच बसून घेते, किंवा स्टोन कॉलम (मऊ मातीत खडी ठासून केलेले उभे खांब) करतात, वरचाच थर कमजोर असेल तर चुना-सिमेंट मिसळून किंवा जिओग्रिड (मातीला बळकटी देणारी मजबूत जाळी) घालून भागतं. जिओग्रिडने खोलवरचं बसणं थांबत नाही बरं का, तोही गैरसमज आहे.

तो जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर हा पण तिथेच टाका.