रांगेत पावणेदोन तास, तरी सही नाही : कल्पनारम्य साहित्य परिषदेवरच्या अभिप्रायाला आयोजकांचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही दोन तारे दिलेत. स्वाक्षरीच्या रांगेत पावणेदोन तास उभं राहून रिकाम्या हाताने परतलात, परिसंवादात श्रोत्यांचे प्रश्न ऐकू आले नाहीत, आणि चाहत्यांचा मेळा समजून आलात तर निम्मा वेळ निबंधवाचन चाललेलं, ही तुमची तक्रार. पहिले दोन मुद्दे निमूट मान्य. तिसरा अर्धाच.

रांगेत आमचं गणित चुकलं. सहीला अर्धं मिनिट धरून तासाला 120 जण होतील असा हिशोब केला. पण सही प्रतीवर होते, माणसावर नाही. कल्पनारम्य मालिकेचा वाचक एक पुस्तक घेऊन येत नाही, तीन-चार खंड पिशवीतून काढतो. त्यात नाव घालून सही हवी, नावाचं स्पेलिंग विचारायचं, मग फोटो. माणशी दीड मिनिट गेलं आणि तासात जेमतेम 40 जण झाले. तुम्ही पाऊण तास आधी येऊनही त्यांच्या मागे होतात. यापेक्षा मोठी चूक म्हणजे आमचा स्वयंसेवक रांगेच्या तोंडाशी उभा होता. तो शेपटाशी हवा होता, ‘रांग इथे संपते’ ही पाटी घेऊन. तसं असतं तर तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांतच नकार मिळाला असता आणि दुसरं सत्र तरी ऐकता आलं असतं.

पुढच्या वेळी सकाळी नोंदणीच्या टेबलावरच तासाला 35 टोकन देऊ आणि दहा-दहा क्रमांक पुकारू. एका फेरीत दोनच प्रती; जास्त असतील तर पुन्हा मागे जायचं. नाव चिकटचिठ्ठीवर लिहून ती शीर्षकपानावर आधीच लावून घेऊ. फोटो सही चालू असतानाच, पोझ नाही. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी टोकन घेऊन खुर्चीवर बसावं, क्रमांक जात नाही. वर्ल्ड फँटसी कन्व्हेन्शन या कल्पनारम्य साहित्याच्या आंतरराष्ट्रीय संमेलनात एका संध्याकाळी सगळे लेखक एकाच दालनात सह्यांना बसतात, तसं करा असंही सुचवलं गेलं. पण पाहुण्यांत एकाच नावाची ओढ असेल तर सगळे त्याच टेबलापाशी जमतात, बाकीचे लेखक पेन फिरवत बसतात.

माइकचं कारण साधं आहे. टेबलावर वक्त्यांसाठी तीन माइक होते, श्रोत्यांसाठी एकही नाही. ‘माझा आवाज मोठा आहे, माइक नको’ म्हणणारे प्रत्येक सभागृहात भेटतात. त्यांचा आवाज त्यांना स्वतःला मोठा वाटतो, मागच्या ओळीला नाही. माइकचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारी तार, म्हणजे लूप, असते; तिच्यातून तर फक्त माइकमधलंच ऐकू येतं. आता मधल्या वाटेत स्टँडवर एक माइक राहील, 50 मिनिटांतली शेवटची 15 प्रश्नांना, आणि सूत्रसंचालकाने प्रश्न पुन्हा सांगितल्याशिवाय उत्तर सुरू होणार नाही.

निबंध मात्र राहतील. टोल्कीन, लुईस यांच्या कल्पनारम्य साहित्याला वाहिलेल्या मिथोपोईक सोसायटी या अमेरिकी संस्थेच्या मिथकॉन संमेलनात 1970 पासून अभ्यासक आणि चाहते एकाच छताखाली बसत आले आहेत. आम्हालाही तेच हवं आहे. चुकलं ते कार्यक्रमपत्रिकेत : नुसती शीर्षकं छापली, त्यामुळे निबंध कुठला, गप्पा कुठल्या हे कळायला मार्ग नव्हता. आता प्रत्येक सत्रापुढे प्रकार छापू. तुम्ही बसलात त्या सत्राची अडचण वेगळीच होती. दीड तासात प्रत्येकी 20 मिनिटांचे तीन निबंध, उरलेला अर्धा तास चर्चेला, अशी आखणी असते. वीस मिनिटांत दोन-अडीच हजार शब्द नीट मावतात. एक निबंध त्याच्या दुप्पट निघाला, वाचणारा धावत सुटला आणि चर्चेची वेळही त्यानेच खाल्ली. आम्ही मजकूर आधी मागवून मोजला नव्हता.

तुमच्या न झालेल्या सह्यांसाठी : त्या रांगेतल्या लेखिका सही केलेल्या बुकप्लेट, म्हणजे पुस्तकात चिकटवायच्या चिठ्ठ्या, पाठवायला तयार आहेत. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला चिकटवता येतात. परत गेलेल्यांची यादी आमच्याकडे नाही, म्हणून तुमचा नोंदणी क्रमांक, किती प्रती आणि कोणत्या नावाने हव्यात ते नोंदणीच्या ईमेलवर कळवा. इथे उघड लिहू नका.