रिस्पेक्ट द्या, शेपूट कुठलंही लावा

इंग्रजीत आदर व्यक्त करायचा आहे? मग आधी डिक्शनरी मिटवून ठेवा. शब्दाचा अर्थ खुर्चीच्या उंचीवरून ठरतो.

‘रिस्पेक्टफुल’ की ‘रिस्पेक्टेबल’ असा घोळ झाला तर लांब शब्द घ्या. स्पेलिंगमध्ये ‘रिस्पेक्टेबल’ एका अक्षराने मोठा भरतो.

अर्जाची सुरुवात बिनधास्त ‘रिस्पेक्टेबल सर’ अशी करा. कॉमेंट्रीत ‘रिस्पेक्टेबल स्कोअर’ म्हणजे लाज राखण्यापुरत्या धावा. सरही तसेच, बरे आहेत, चालून जातील.

शेवटी ‘युअर्स रिस्पेक्टिव्हली’, म्हणजे ‘अनुक्रमे तुमचा’. कोण कुणाचा, ते ज्याचं त्याने बघून घ्यावं.

आणि हमखास उपाय म्हणजे दुसऱ्याचं बरोबर असलेलं खोडा, तेही लाल पेनाने. गेल्याच आठवड्यात एका ज्युनिअर मुलीच्या शिफारसपत्रात मी लिहिलं होतं, ‘शी इज रिस्पेक्टफुल टोवर्ड्स एव्हरीवन.’ वरिष्ठांनी ‘फुल’वर काट मारून ‘एबल’ केलं, आणि समासात शेरा: ‘इंग्लिश सुधारा’. म्हणजे ती आता सगळ्यांच्या दिशेने प्रतिष्ठित! मी सांगायला गेलो की सर, रिस्पेक्टफुल म्हणजे आदराने वागणारी, रिस्पेक्टेबल म्हणजे समाजात मान असलेली. तर म्हणाले, “तेच ते हो. आणि ते ‘फुल’ बरं दिसत नाही, भलताच अर्थ निघतो.”

तेच ते? ‘पाहुण्यांशी आदरणीय बोल’ असं पोराला कधी सांगता का? ‘आदराने बोल’च म्हणता ना? मराठीत जे झोपेतही चुकत नाही, त्याची इंग्रजीत एवढी कसली घाई? गाडी, बंगला, सत्कार, सगळं असलेला माणूस रिस्पेक्टेबल म्हणवतो आणि वेटरवर खेकसतो. रिस्पेक्टफुल नसतो तो! एवढाच तर फरक आहे, आणि तो समोर आरशात उभा असतानाही दिसत नाही.

नसेल येत तर नसू दे हो, इंग्रजी काही कुणाच्या घरची नाही. पण न विचारता दुसऱ्याचं खोडायचं, वर शेरा मारायचा, हा कुठला माज? ते पत्र घेऊन ती मुलगी परक्या लोकांसमोर बसणार आहे. हसू तिचं होणार, तुमचं नाही. हातात दिवसभर फोन असतो, त्यात शब्द टाकून बघायला अर्धं मिनिट लागतं. बघा, आणि ते पत्र नीट टाइप करून तिला परत द्या. उद्या नको, आज.