वेळेचं अंतर ठेवून उपयोग नाही

‘क्लोपिडोग्रेल सकाळी आणि ओमेप्राझोल रात्री घेतली की प्रश्न मिटतो’ हे तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. क्लोपिडोग्रेल रक्तात गुठळी होऊ नये म्हणून देतात, ओमेप्राझोल जठरातलं आम्ल कमी करते, आणि प्रश्न हा की दुसरीमुळे पहिलीचा परिणाम घटतो. या दोन गोळ्यांची गाठ पोटात पडत नाही, यकृतात पडते. क्लोपिडोग्रेल गिळताना निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिला कामाचं रूप देतं. ओमेप्राझोल आणि तिच्याच जातीची एसोमेप्राझोल नेमकं तेच एन्झाइम अडवतात, आणि हा अडथळा काही तासांत ओसरत नाही. १२ तासांचं अंतर ठेवूनही क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी झालेला दिसतो. मग स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) असलेल्या माणसाच्या रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो, आणि त्याला बाहेरून काहीच जाणवत नाही.

पण म्हणून आम्ल कमी करणारी गोळी परस्पर बंद करणं त्याहून वाईट. अ‍ॅस्पिरिन जोडीला असेल तर जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणूनच ती दिलेली असते. डॉक्टरांना विचारून त्याच गटातल्या पँटोप्राझोलवर जाता येतं, तिचा या एन्झाइमवर परिणाम बराच कमी. (पट्टीवर ब्रँड नव्हे, मूळ औषधाचं नाव वाचा, संयुक्त गोळ्यांतही ओमेप्राझोल असतं.) वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचं गणित उलटं: तिथे ओमेप्राझोलने, आणि आम्ल कमी करणाऱ्या सिमेटिडिनने तर जास्तच, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वर जाऊ शकतो, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यामुळे आम्लाची गोळी सुरू, बंद किंवा बदलली की आयएनआर लवकर तपासून घ्यावा. डांबरासारखी काळी शौच झाली (आत रक्तस्राव होत असल्याची ही खूण असू शकते) तर मात्र तपासणीची तारीख येण्याची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा.